झाडाला हात लावा, पण बेतानं

चित्रांच्या प्रदर्शनात ‘हात लावू नये’ अशी पाटी असते. जिवंत झाडांचं मांडणशिल्प (इन्स्टॉलेशन) करताना ती पाटी काढावी लागते आणि खरी कामं तिथून सुरू होतात. प्रेक्षकांच्या सहभागानं घडणाऱ्या अशा मांडणशिल्पांविषयी वाचकांकडून आलेल्या प्रश्नांना या अंकात उत्तरं देत आहोत.

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनात आठ कुंड्या मांडायच्या आहेत. पानाला हात लावला की सा ते वरचा सा यांतला एकेक सूर यावा अशी कल्पना आहे. एका विद्यार्थ्यानं घरी करून पाहिलं तेव्हा छान चाललं. शाळेच्या सभागृहात मात्र काही कुंड्या आपोआप वाजत राहिल्या आणि काही हात लावूनही गप्प राहिल्या. प्रोग्रॅम तोच होता. काय चुकलं असेल? (कलाशिक्षिका, सातारा)

उत्तर : प्रोग्रॅम तोच असेल तर संशय दोन गोष्टींवर घ्या, विजेचा पुरवठा आणि कुंडीखालची ओल.

आधी आत काय घडतं ते पाहू. झाडाच्या अंगात पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार असतात, त्यामुळे मुळापासून पानाच्या टोकापर्यंत झाड एखाद्या कमकुवत तारेसारखं वागतं. पानावरचा मेणचट थर वीज अडवतो. बोट टेकलं की आत ओला गर, मध्ये तो थर आणि बाहेर माणसाचं अंग, असं एक छोटं कपॅसिटर, म्हणजे थोडासा विद्युतभार साठवणारी रचना, तयार होतं. सेन्सर या बदलाची दखल घेतो. झाडाला यात काही इजा होत नाही, कारण प्रवाह अगदी नगण्य असतो.

हे तंत्र जुनं आहे. क्रिस्टा सॉमरर आणि लॉरेंट मिन्योनो या कलाकार जोडीनं १९९२ मध्ये पाच खरी झाडं मांडली होती. प्रेक्षकाचा हात त्यांच्याजवळ आला की समोरच्या पडद्यावर संगणकातली झाडं वाढू लागत. त्या वेळी अशा कामासाठी सगळं सर्किट स्वतः बांधावं लागे. आज त्याच कामासाठी एमपीआर१२१ नावाचा छोटा बोर्ड मिळतो. त्याला १२ जोडण्या असतात, म्हणजे तुमच्या आठ कुंड्या एकाच बोर्डावर बसतात. तो ३.३ व्होल्टवर चालतो. स्वस्त बोर्डांना ५ व्होल्टच्या आर्डुइनो उनो या नियंत्रक बोर्डाच्या तारा थेट लावल्या तर ते बिघडू शकतात, म्हणून प्रोग्रॅम चालवायला ईएसपी३२ हा ३.३ व्होल्टचा नियंत्रक बोर्ड घ्या. त्याच्या २१ आणि २२ क्रमांकाच्या पिनांना एमपीआर१२१ च्या एसडीए आणि एससीएल या माहिती नेणाऱ्या तारा जोडा.

कुंडीतल्या मातीत २ ते ३ मिमी जाडीची, १५ सेंमी लांबीची स्टेनलेस स्टीलची सळई उभी खोचा. दोन तृतीयांश आत, बाकी बाहेर. तांब्याची तार खोचायचा मोह टाळा. ओल्या मातीत तांबं गंजतं, त्याचे क्षार मुळांना बाधतात आणि रीडिंग दिवसेंदिवस सरकत जातं. स्टीलवर साधं सोल्डर धरत नाही, त्यामुळे वरच्या टोकाला स्क्रूचं कनेक्टर किंवा क्रोकोडाइल क्लिप लावा. तिथून बोर्डापर्यंतची तार अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको. आठ तारा एकत्र बांधून सुबक जुडगा करण्याची आपल्याला सवय असते. इथे तो जुडगा घात करतो, कारण एका तारेतला बदल शेजारच्या तारेत उतरतो आणि ‘रे’ला हात लावला की ‘ग’ही वाजतो. कुंड्या अर्धवर्तुळात मांडा, बोर्ड मधोमध ठेवा आणि तारा पंख्याच्या पात्यांसारख्या सुट्या पसरू द्या.

आता ओल. मातीची कुंडी पाणी झिरपवते. ती सिमेंटच्या फरशीवर ठेवली की झाड ओलीतून थेट जमिनीशी जोडलं जातं आणि माणसाच्या स्पर्शानं पडणारा फरक त्यात बुडून जातो. तुमच्या गप्प कुंड्यांचं कारण हेच असण्याची शक्यता मोठी आहे. प्लास्टिकच्या कुंड्या घ्या, खाली बशी ठेवा आणि बशीखाली कोरडी लाकडी फळी किंवा दोन इंच थर्माकोल. शोभेसाठी मातीची कुंडी हवीच असेल तर प्लास्टिकची कुंडी तिच्या आत बसवा.

आपोआप वाजण्यामागे बहुतेक वेळा चार्जर असतो. मोबाइलच्या स्वस्त चार्जरमधून ५० हर्ट्‌झची गुणगुण सर्किटमध्ये शिरते. घरी चांगला चार्जर असेल, सभागृहात दुसरा लावला असेल, किंवा तिथल्या प्लगला अर्थिंगच नसेल. पॉवर बँक लावली तर गुणगुण जाते, पण संवेदनशीलताही घटते, कारण माणूस आणि सर्किट यांच्यात समान आधार उरत नाही. यावर एक साधा उपाय आहे. प्रेक्षक जिथे उभा राहील तिथे सतरंजीखाली स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल पसरा आणि तिला एक तार लावून ती ईएसपी३२ च्या ‘जीएनडी’ (ग्राउंड) पिनेला जोडा. सतरंजी मध्ये असली तरी चालतं. पॉवर बँकेवर चालणाऱ्या मांडणीत एवढ्यानंही मोठा फरक पडतो.

स्पर्शाची मर्यादा अंदाजानं ठरवू नका. बोर्डासाठी मिळणाऱ्या तयार प्रोग्रॅममध्ये (लायब्ररीत) ती १२ आणि बोट सोडल्याची ६ अशी दिलेली असते, पण ते आकडे धातूच्या पट्टीसाठी ठीक आहेत. प्रत्येक कुंडीचं ‘बेसलाइन’ (शांत अवस्थेचं) आणि ‘फिल्टर्ड’ (त्या क्षणाचं) रीडिंग स्क्रीनवर छापा, सगळ्यात लांबच्या पानाला हळूच बोट लावा आणि दोहोंतला फरक लिहून घ्या. मर्यादा त्याच्या निम्मी ठेवा. दोन कुंड्यांचे आकडे सारखे येणार नाहीत, प्रत्येकीला वेगळी मर्यादा द्या.

बोर्ड सुरू होताना शांत अवस्थेचं माप घेतो, म्हणून त्या क्षणी झाडांजवळ कोणी नको. पाणी घातलं की हे माप बदलतं आणि एखादी कुंडी ‘स्पर्श चालू आहे’ या समजुतीत अडकून बसते. पाणी कार्यक्रम संपल्यावर संध्याकाळी घाला, सकाळी बोर्ड पुन्हा सुरू करा. प्रोग्रॅममध्येही एक ओळ घाला. कोणताही सूर सलग ६० सेकंद चालू राहिला तर सगळं माप नव्यानं घ्यावं.

आवाजासाठी मुलं डीएफप्लेअर हा ध्वनिफाइल वाजवणारा छोटा बोर्ड वापरतात. तो एका वेळी एकच फाइल वाजवतो, म्हणजे दोघांनी एकदम हात लावला तर एक सूर तुटतो. आठ मुलं एकत्र वाजवणार असतील तर ईएसपी३२ कडून यूएसबीनं लॅपटॉपला फक्त कुंडीचा क्रमांक पाठवा आणि सूर प्युअर डेटासारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वाजवा. पेटीच्या सुरांचं स्वतः केलेलं रेकॉर्डिंग घातलंत तर यंत्रातल्या टिंगटिंगीपेक्षा कितीतरी गोड लागेल.

प्रश्न : लाजाळूची ४० रोपं लावून, प्रेक्षकांनी हात फिरवला की मिटणाऱ्या पानांची लाट उठावी असं मांडणशिल्प कॉलेजच्या महोत्सवात केलं. उद्घाटन संध्याकाळी सातला होतं आणि पानं आधीच मिटलेली! दुसऱ्या दिवशी सकाळी तासभर मजा आली, मग रोपांनी प्रतिसाद देणंच सोडलं. (विद्यार्थी, पुणे)

उत्तर : लाजाळू अंधार पडायच्या सुमारास स्वतःहून पानं मिटते, हे तिचं रोजचं वेळापत्रक आहे. संध्याकाळच्या उद्घाटनासाठी ते पुढे सरकवावं लागतं. महोत्सवाच्या आठवडाभर आधीपासून रोपं बंद खोलीत ठेवा आणि दिवे सकाळी १० ते रात्री १० असे लावा. बाहेरचा उजेड आत येऊ देऊ नका. चारपाच दिवसांत तिची संध्याकाळ रात्री दहाकडे सरकते. महोत्सवातही हेच वेळापत्रक पाळा.

दुसरा प्रश्न विश्रांतीचा. पानाच्या आणि प्रत्येक पर्णिकेच्या बुडाशी एक बारीक फुगीर सांधा असतो. स्पर्शानं त्यातल्या एका बाजूच्या पेशींमधलं पाणी झपाट्यानं बाहेर पडतं आणि पान लवतं. मिटायला दोनतीन सेकंद लागतात. ते पाणी परत भरून पान उघडायला चांगल्या उजेडात साधारण १५ ते ३० मिनिटं जातात. त्याच त्या स्पर्शाला वारंवार सामोरं जावं लागलं की रोप प्रतिसाद देईनासं होतं. काळोख्या गॅलरीत आणि एसीच्या गारव्यात हे लवकर घडतं.

४० रोपांचे १०-१० चे चार ट्रे करा. एका वेळी एकच ट्रे प्रेक्षकांसमोर, १५ मिनिटांसाठी. उरलेले तीन मागे, भरपूर उजेडात. म्हणजे प्रत्येक ट्रेला तासातली ४५ मिनिटं विश्रांती मिळते. हा बदल प्रेक्षकांपासून लपवू नका. ट्रे उचलून नेणं हाच मांडणीचा भाग करा, म्हणजे थांबून वाट पाहणंही सहभागात मोडेल.

लाटेबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. स्पर्शाचा संदेश पानातून सेकंदाला दोनतीन सेंटिमीटर सरकतो, पण एका रोपातून दुसऱ्यात जात नाही. लाट उठवायची ती माणसांनी, एका रांगेत उभं राहून, एकापाठोपाठ एक हात लावून. बोटांऐवजी प्रत्येकाला जलरंगाचा मऊ ब्रश द्या. रोपाला काटे असतात, बोटं वाचतील आणि पानंही. जगदीशचंद्र बोस यांनी शंभर वर्षांपूर्वी याच रोपाचे विद्युत प्रतिसाद नोंदवले होते. कोलकात्यात १९१७ मध्ये त्यांनी उभारलेली संस्था आजही चालू आहे. मांडणीशेजारी त्यांच्याविषयी चार ओळी अवश्य लावा.

कोकणात रस्त्याकडेला लाजाळू माजलेली दिसते, ती उपटून आणू नका. मूळ दुखावलेलं रोप आठवडेच्या आठवडे मरगळून राहतं. बियांवर कडकडीत गरम पाणी ओता, रात्रभर भिजू द्या, अर्धा सेंटिमीटर खोल पेरा. हात लावण्याजोगी रोपं व्हायला दोन-अडीच महिने धरा. ही मुळात उष्णकटिबंधीय अमेरिकेतली आणि आपल्याकडे तण होऊन पसरलेली वनस्पती आहे, तेव्हा कार्यक्रमानंतर शेंगा धरलेली रोपं उघड्यावर फेकू नका.

प्रश्न : पानाला दोन चिकटपट्ट्या लावून ‘झाडाचं संगीत’ ऐकवणारी यंत्रं मिळतात. झाड खरंच गातं का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही. यंत्र दोन पट्ट्यांमधल्या विद्युतवाहकतेतले बारीक चढउतार मोजतं आणि प्रत्येक बदलाला एक सूर जोडतं. कोणता सूर, कोणतं वाद्य, कोणती लय, हे सगळं यंत्र बनवणाऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं. चढउतार झाडातल्या पाण्यामुळे येतात, तसेच पट्टीवरचा जेल सुकल्यानं, पंख्याच्या वाऱ्यानं आणि कोणी जवळून गेल्यानंही येतात. ते ऐकणं सुखद असतं, त्याला आमची ना नाही. पाटीवर मात्र ‘झाडाच्या विद्युतवाहकतेतल्या बदलांवरून रचलेलं संगीत’ असं लिहा. प्रेक्षकाला खरं सांगितल्यानं त्याचा आनंद कमी होत नाही, आणि तो घरी जाऊन झाडाबद्दल भलतं काही सांगत सुटत नाही.

प्रश्न : नवरात्रात घटाभोवती पेरलेलं धान अंधारात पिवळं वाढतं. त्याचा उपयोग करून प्रेक्षकांच्या हातांचे ठसे गव्हात उमटवता येतील का? (चित्रकार, सोलापूर)

उत्तर : येतील, आणि फार देखणे येतील. ब्रिटनमधले हेदर अ‍ॅक्रॉइड आणि डॅन हार्वी हे दोघं कलाकार अनेक वर्षं गवतावर माणसांची छायाचित्रं उमटवत आहेत. अंधाऱ्या खोलीत वाढणाऱ्या गवतावर ते निगेटिव्ह प्रोजेक्ट करतात. जिथे उजेड पडतो तिथे हरितद्रव्य तयार होऊन पातं हिरवं होतं, अंधाराच्या जागी पिवळं राहतं, आणि मधल्या उजेडाच्या मधल्या छटा मिळतात. दसऱ्याला टोपीत खोवलेल्या धानाचा पिवळेपणा याच कारणानं असतो.

हाताच्या ठशासाठी प्रोजेक्टर लागत नाही. एक चौरस फुटाच्या ट्रेला २५० ते ३०० ग्रॅम गहू घ्या. गहू किराणा दुकानातला घ्या. बियाण्याच्या दुकानातल्या गव्हाला बहुधा बुरशीनाशक चोळलेलं असतं, त्याचा गुलाबी रंग हाताला लागतो, आणि इथे तर मुलं हात घालणार. आठ तास भिजवा, बारा तास ओल्या फडक्यात बांधून ठेवा, मोड दिसला की ट्रेमध्ये दीड इंच चाळलेल्या कोकोपीटवर दाण्याला दाणा लागेल असा पसरा. वर माती नको. काळ्या कापडाखाली ठेवून सकाळ-संध्याकाळ फवारा मारा. तीनचार दिवसांत ५ सेंमीचे फिकट पिवळे कोंब उभे राहतात.

आता प्रेक्षकांचं काम. प्रत्येकानं काळ्या जाड कार्डावर आपला पंजा ठेवून पेन्सिलीनं आकार काढावा आणि कापावा. ट्रेच्या चार कोपऱ्यांवर ठोकळे ठेवून, मातीपासून १० सेंमी उंचीवर काच टेकवा. काच आणि ट्रेच्या कडा यांत हवेला वाट राहू द्या. कापलेले पंजे काचेवर मांडा. उजेड वरून, एकाच दिव्याचा हवा. २० वॅटचा साधा पांढरा एलईडी बल्ब सव्वा मीटर उंचीवर टांगा. ट्यूबलाइट लावलीत तर सावलीची कड फुसकी येते, कारण उजेड लांब पट्टीतून येतो. बाजूंना काळा कागद लावा. दिवा रोज बारा तास चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी रंग फुटलेला दिसतो, तिसऱ्या दिवशी काच उचला. हिरव्या गव्हात पिवळा पंजा असतो, आणि तो आजूबाजूपेक्षा जरा उंचही असतो, कारण अंधारातलं पातं उजेडाच्या शोधात जास्त ताणतं. बोटांच्या टोकांवर दवाचे थेंब लटकलेले असतात. त्या वेळी दिवा बाजूनं लावून पाहा.

हा पंजा टिकत नाही. भर उजेडात काही तासांत तो हिरवट व्हायला लागतो आणि एकदोन दिवसांत आजूबाजूत मिसळून जातो. मंद पिवळ्या दिव्यात जास्त दिवस राहतो. आमच्या मते तो टिकवायच्या खटपटीत पडू नये. ज्यानं पंजा कापला त्यालाच काच उचलू द्यावी, बाकीच्यांनी तो विरताना पाहावा.

बिघडतं कुठे? नव्वद टक्के वेळा बुरशीत. पांढरी कापसासारखी जाळी दाण्यांवर दिसली आणि आंबूस वास आला तर पाणी जास्त आणि हवा कमी झाली. ट्रेला तळाला भोकं हवीत, छोटा पंखा सतत हळू फिरता हवा. मुळांवरचे बारीक पांढरे केस बुरशीसारखे दिसतात, फवारा मारला की ते चिकटून नाहीसे होतात आणि बुरशी तशीच राहते, एवढी खूण पुरे. पावसाळ्यात मुंबई-कोकणात हे काम सांभाळणं अवघड, सोलापूरला मात्र ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत उत्तम.

उभ्या भिंतीवर करायचं असेल तर गव्हाऐवजी अळीव घ्या, चौरस फुटाला १५ ग्रॅम. अळीव भिजवून ठेवू नका, त्याचा गोळा होतो. ओल्या गोणपाटावर कोरडाच भुरभुरा आणि फवारा मारा. त्याचा बुळबुळीत थर दाणा कापडाला चिकटवून धरतो. आपल्या बाळंतिणीच्या खिरीतला हा दाणा या कामासाठीच जन्माला आला असावा असं वाटतं.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या सभागृहात तुळस ठेवायची आहे. महाराष्ट्रातल्या आजी-आजोबांनी रोज सकाळी मोबाइलवरून बटण दाबलं की तिला पाणी मिळावं. पंप घेतला आहे. काय सांभाळावं? (वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : तुमच्या कल्पनेला चांगली परंपरा आहे. केन गोल्डबर्ग, जोसेफ सांतारोमाना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात ‘टेलिगार्डन’ उभी केली. इंटरनेटवरून यंत्रहात हलवून जगभरचे लोक त्या वाफ्यात बी लावत आणि पाणी घालत. पुढच्या वर्षी ती ऑस्ट्रियातल्या लिंझला गेली आणि २००४ पर्यंत चालली. कलाकार एदुआर्दो कॅट्स यांनी १९९६ मध्ये अंधाऱ्या खोलीत एक बी ठेवून, लोकांनी आपापल्या गावच्या आकाशाचा उजेड कॅमेऱ्यानं तिच्यापर्यंत पाठवावा अशी मांडणी केली. पाणी जास्त झालं तर मूळ कुजतं, उजेडाचं तसं नाही, तेव्हा तुम्हीही पाण्याचं आणि उजेडाचं अशी दोन बटणं द्या. तुळशीला न्यू जर्सीच्या हिवाळ्यात उजेडाचीच जास्त गरज असते. बारा तास ग्रो लाइट (रोपवाढीचा दिवा) आणि १८ अंशांच्या वर तापमान, एवढं नसेल तर तिला पाणी घालण्यात अर्थ नाही.

सहा इंची कुंडीला थंडीत दिवसाआड १०० मिली पुरे. प्रत्येक आजीच्या वाट्याला १० मिली धरले तर दहा जणींत दोन दिवसांचा कोटा संपतो. अकरावीला ‘आज तुळस तृप्त आहे’ असा निरोप आणि तुळशीचा ताजा फोटो जावा, नुसतं बटण बंद पडू नये. शिवाय भारतातली सकाळ म्हणजे तुमच्याकडची आदली रात्र. गार रात्री ओली माती घातक ठरते. रात्री आलेले निरोप साठवा आणि पाणी तुमच्या सकाळी सोडा. कोणाचं पाणी पडलं त्याची चित्रफीत तेव्हा पाठवा, संध्याकाळच्या दिवेलागणीला ती त्यांना पाहता येईल.

पंपाच्या बाबतीत दोन धोके आहेत. पाण्याचं भांडं कुंडीपेक्षा उंच ठेवलं तर पंप थांबल्यावरही नळीतून पाणी आपोआप ओघळत राहतं आणि रात्रीत भांडं कुंडीत रिकामं होतं. भांडं नेहमी कुंडीच्या खाली ठेवा. दुसरा धोका, वायफाय तुटल्यावर किंवा बोर्ड अडकल्यावर पंप चालूच राहण्याचा. प्रोग्रॅममध्ये वेळेची मर्यादा असतेच, तरी भांडंच ३०० मिलीचं ठेवा. सगळं बिघडलं तरी तेवढंच पाणी पडेल. ५ व्होल्टचा छोटा पंप सेकंदाला किती पाणी देतो हे नळीच्या उंचीवर अवलंबून असतं, म्हणून दहा सेकंद चालवून मापाच्या पेल्यात मोजा. ओलावा मोजायला दोन उघड्या दात्यांचा सेन्सर नको, तो महिन्याभरात गंजतो. कपॅसिटिव्ह प्रकारचा, म्हणजे धातू झाकलेला, घ्या आणि त्याच्या कापलेल्या कडांना नेलपॉलिशचे दोन हात द्या. ओल कडेनंच आत शिरते.

प्रश्न : लहान मुलांसाठी ‘स्पर्शाची बाग’ मांडत आहोत. कोणती झाडं टाळावीत? (वाचक, पणजी)

उत्तर : डिफेनबाखिया, मनीप्लांट आणि त्या कुळातली इतर झाडं टाळा. त्यांच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, पान चावलं तर जीभ आणि घसा पेटतो. कण्हेर विषारी आहे, ती तर नकोच. शेर आणि ख्रिस्तकाटा यांचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. गवती चहाच्या कडा बोट कापतात. चालतील ती स्पायडर प्लांट, नेचे, केळीचं रोप, तुळस, पुदिना. आणि आमच्या मते या सगळ्यांत पहिला मान पानओव्याचा. जाड, लवदार पान, चोळलं की हाताला वास राहतो, आणि एखादं तुटलं तरी दुसऱ्या दिवशी कुठे होतं ते कळत नाही.

तंबाखू मळलेल्या हातांनी टोमॅटो, मिरची आणि पेटुनिया यांना रोग लागू शकतो, कारण सुक्या तंबाखूतही त्याचा विषाणू टिकून राहतो. ही झाडं ठेवणार असाल तर दाराशी साबण-पाणी ठेवा आणि मोठ्यांनाही हात धुवायला लावा.

सतत स्पर्श होणारं रोप बुटकं आणि जाड खोडाचं होत जातं. मॉर्डेकाय जाफी यांनी १९७३ मध्ये या परिणामाला शास्त्रीय नाव दिलं. म्हणून दोन संच ठेवा, दर आठवड्याला अदलाबदल करा. विश्रांतीतल्या संचाची पानं ओल्या फडक्यानं पुसा, हातांचं तेल आणि धूळ निघते.

प्रश्न : आमच्या गृहसंकुलात आणि बाहेरच्या रस्त्याकडेला ६० झाडं लावायची आहेत. फोटो काढून विसरून जाणारं वृक्षारोपण नको, कलाकृती म्हणून काही करता येईल का? (सचिव, गृहनिर्माण संस्था, ठाणे)

उत्तर : जर्मन कलाकार जोसेफ बॉइस यांनी जर्मनीतल्या कासेल शहरात जे केलं ते तुमच्या उपयोगाचं आहे. १९८२ च्या ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनासाठी त्यांनी संग्रहालयासमोरच्या मैदानात बेसॉल्टचे ७००० दगड रचले. अट अशी की शहरात कुठेतरी एक झाड लागल्याशिवाय ढिगातला एक दगड हलणार नाही, आणि तो त्या झाडाशेजारी उभा राहील. भर चौकात पडलेला तो ढीग लोकांना खुपत राहिला आणि तो संपायला पाच वर्षं लागली. बॉइस १९८६ मध्ये गेले. शेवटचं झाड १९८७ मध्ये त्यांच्या मुलानं लावलं.

बेसॉल्ट म्हणजे आपला काळा पाषाण, सह्याद्री त्याचाच आहे. फाटकाजवळ ६० दगड रचा. आमची एक जादा सूचना, झाड मेलं तर त्याचा दगड परत ढिगात यावा. ढीग वाढताना दिसला की पाणी घालायची पाळी कोण चुकवतं ते विचारावं लागत नाही.

रस्त्याकडेच्या जागेसाठी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी आधी घ्या. खड्डे मे महिन्यात खणून उन्हात तापू द्या, दोन फूट लांब, रुंद आणि खोल. खाली कठीण मुरूम लागला तर तीन फूट खणा, नाहीतर मुळं खड्ड्यातच गोल फिरतात आणि पाचव्या-सहाव्या वर्षी झाड वाऱ्यानं कलतं. पाच-सहा फुटी रोपं, पहिला दमदार पाऊस पडल्यावर. करंज, बहावा, कडुनिंब, ताम्हण ही रस्त्याकडेला चालतील. वड-पिंपळ इमारतीपासून आणि भिंतीपासून लांब. दगड खोडाला चिकटून नको, बुंध्यापासून निदान दोन फूट दूर पुरा. नोव्हेंबरपासून पावसापर्यंत प्रत्येक झाडाला आठवड्यातून दोनदा १५ लिटर पाणी, निदान दोन उन्हाळे. साठ झाडांना आठवड्याला १,८०० लिटर होतात. हे पाणी कुठून येणार आणि कोणाच्या पाळीनं, हे ठरवून सूचनाफलकावर लावा, आणि मगच पहिला दगड आणायला माणूस पाठवा.